बुयाच्या केळीतली वाट

पेरणीच्या वेळी चार शिंतोडे आले, तेवढेच. त्यानंतर आभाळ जे कोरडं पडलं ते पडलंच. ताना नदीचं पाणी काठ सोडून मधोमध गेलं, वाळूची बेटं उघडी पडली आणि वरच्या माळावरची तळी आटत चालल्याच्या बातम्या येऊ लागल्या. तळी आटली की माळावरच्या ओर्मा गुराख्यांची गुरं खाली नदीवर येणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. येऊ देत. नदी काही काठावर शेती करणाऱ्या पोकोमोंच्या बापाची नव्हती. पण शेताशेतांमधून नदीपर्यंत उतरायची गुरांची वाट, जिला दोन्हीकडचे लोक मल्का म्हणत, ती राहिली होती कुठे?

हबोना त्या वाटेवरच उभी होती. वाट म्हणायची आपली. डोक्याइतकी वेडी बाभूळ माजलेली. डाव्या हाताने फांदी धरायची, उजव्या हाताने कोयता बुंध्यात घालायचा आणि फांदी सुटून तोंडावर यायच्या आत मागे सरायचं. सकाळपासून हेच चाललं होतं. तळहातात एक काटा मोडून बसला होता आणि ती जागा टरारून सुजली होती.

तिच्या पुढे बरीसा होता. ओर्मांचा पोरगा, उंच आणि काटकुळा, गुरांमागे चालून पोटऱ्या दोरखंडासारख्या झालेल्या. मागे अबियो, तिच्याच गावचा होडीवाला. त्याचं तोंड हातापेक्षा जास्त चाले. आणखी सातआठ जण होते, निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे. एका संस्थेने शांततेच्या प्रकल्पासाठी जमवलेली, शहरातल्या हॉटेलात तीन दिवस शिकवून आणलेली ही तरुण मंडळी.

"हॉटेलात पंख्याखाली बसवलं होतं तेव्हा कुणी बोललं नाही, शांततेला काटे असतात म्हणून," अबियो म्हणाला.

"तोंड कमी चालव, कोयता चालव," हबोना म्हणाली.

"चालवतोय की. बरीसा, तुमच्या गुरांना निरोप धाड. म्हणावं, येताना चरत चरत या, आमचं काम हलकं होईल."

"आमची गुरं तुझ्यापेक्षा शहाणी आहेत," बरीसा मागे न बघता म्हणाला. "खाताना बोलत नाहीत."

ओर्मांची पोरं हसली. पोकोमोंची पण हसली. वर्षभरापूर्वी हे हसणं झालं नसतं, हे हबोनाला माहीत होतं. पण हसून बाभूळ कापली जात नव्हती.

दुपार कलताना धुरळा उडवत संस्थेची जीप आली. केमुंटो मॅडम खाली उतरल्या, मागोमाग ड्रायव्हरने खोकी उतरवली. खोक्यांत निळे शर्ट होते. पाठीवर दोन हात एकमेकांत गुंफलेले, खाली मोठ्या अक्षरांत शांती.

"शनिवारी फुटबॉलचा सामना!" मॅडम उन्हात डोळे बारीक करत म्हणाल्या. "राजधानीतून पाहुणे येतायत. दोन्ही समाजांची पोरं एकाच संघात. तुम्हाला आता दोन दिवस मैदान तयार करायला लागेल, हे काम जरा बाजूला ठेवा."

हबोनाने कोयता खाली टाकला. "मॅडम, आम्ही कोयते मागितले होते. हातमोजे मागितले होते. पंधरा दिवस दुपारचं जेवण मागितलं होतं."

"मला आठवतंय गं."

"मग हे शर्ट?"

"शर्टांची तरतूद आधीपासून होती. कोयत्यांची नाही. मी दोनदा कळवलं वर. ते म्हणतात, हत्यारं देणारी शांतता संस्था कुठे बघितलीय का?"

अबियो खो खो हसत सुटला. हबोनाला हसू आलं नाही. "गुरं शनिवारची वाट बघत थांबणार आहेत का? माळावर प्यायला थेंब नाही. ती आली आणि वाट बंद असली तर घुसतील कुठे? मुगात. मुगात घुसली की कोण कोयता काढणार आणि कोण भाला, ते तुम्ही येऊन मोजणार का?"

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू पार उतरलं. बाई वाईट नव्हती. गेल्या वर्षी नदीला पूर आला तेव्हा चिखलातून चालत आलेली, आजारी पडलेली. ती हळूच म्हणाली, "हबोना, सामना झाला नाही तर पुढचा टप्पाच मिळणार नाही. मी तरी काय करू, सांग?"

 मंडळी एकेक करून शर्टांच्या खोक्याभोवती गोळा झाली. उन्हात राबलेल्या माणसाला नवा कपडा कुणाला नको असतो? बरीसाने आपला शर्ट घेतला आणि त्यानेच खांद्यामानेवरचा घाम पुसला.

"हे बघ," तो तिच्याजवळ येऊन म्हणाला, "बाभूळ मी चार पोरांना घेऊन काढतो. ती अडचण नाही. अडचण पुढे आहे."

"माहीत आहे."

"आमच्याकडचे मला हसतात. म्हणतात, शेतकऱ्यांची काटेरी झुडपं उपटायला जातोस, पण वाटेच्या तोंडाशी त्या म्हाताऱ्याची केळी तशीच. ती कोण काढणार?"

"माहीत आहे म्हटलं ना!" ती खेकसली.

वाटेच्या तोंडाशी, जिथे काठ उताराचा होऊन गुरांना सुखाने पाण्यात उतरता येतं, नेमकं तिथेच बुयाची केळीची बाग होती. बुया म्हणजे हबोनाचा सासरा.

*

बुया पूर्वी असा नव्हता. मल्का मोकळी ठेवणाऱ्यांत त्याचा बाप होता, तोही होता. पण पाच वर्षांपूर्वी दोन्हीकडची माणसं भिडली, घरं जळली, त्या वर्षी त्याचा थोरला, हबोनाचा नवरा दाधो, नदीवरून पाण्याचा डबा घेऊन येताना याच वाटेवर मेला. भाला कुणाचा ते कळलं नाही. त्याच आठवड्यात पलीकडे ओर्मांच्या तळावरच्या म्हाताऱ्या गलगालोचा धाकटा भाऊ मेला, तेही कुणी केलं ते कळलं नाही. सरकारने चौकशी केली, लोकांनी पांगापांग केली, मग परत येऊन घरं शाकारली. आणि बुयाने कुणाला न विचारता वाटेच्या तोंडाशी केळीचे कंद लावले. दाधो पडला होता तिथे पहिला. मग त्याच्या पुढे, त्याच्या मागे, आडवे, उभे. गुराचा खूर त्या जागेवर पडता कामा नये. गावात कुणी त्याला हटकलं नाही. पोर गेलेल्या बापाला कोण हटकणार? त्याचं बघून इतरांनीही आपापले बांध वाटेत सरकवले. तेही कुणी हटकलं नाही.

संध्याकाळी हबोना घरी आली तेव्हा सासू झमुदा चुलीपाशी मक्याच्या पिठाची उगाली घोटत होती. हबोनाची पोरगी झेना तिच्या पाठीला टेकून पेंगत होती. बुया दाराशी स्टुलावर बसून कोयत्याला दगड लावत होता.

"नवा कपडा मिळाला वाटतं," तो म्हणाला.

"हो."

"बघू."

तिने दिला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला, गुंफलेल्या हातांवर अंगठा फिरवला. "यातला आपला हात कुठला?"

"बाबा, थट्टा नको. मला बोलायचंय."

"बोल की. तुला शहरात नेऊन बोलायचंच शिकवलं ना तीन दिवस?"

झमुदाने उलथणं भांड्यावर आपटलं. हबोना खाली बसली. बोलायचं काय ते तिने वाटेत दहा वेळा जुळवलं होतं. आता एकही शब्द जागेवर सापडेना. "गुरं येणार. यंदा लवकर येणार. आपल्या बागेतून नदीपर्यंत वाट पाहिजे. सगळी बाग नाही. दोन ओळी."

दगड थांबला.

"त्या ओळींत कोण आहे, माहीत आहे तुला?"

"मला माहीत नाही?" तिचा आवाज चिरकला. "मला विचारता? पाण्याचा डबा मी आणला उचलून. तो अजून त्या कोपऱ्यात आहे, त्यातूनच आपण पाणी पितो."

 झेना जागी होऊन सगळ्यांकडे बघू लागली. झमुदाने तिला कडेवर घेतलं आणि मागच्या दाराने बाहेर नेलं.

बुया म्हणाला, "तुम्हाला तरुण म्हणून बोलावलं. तिकडच्या तरुणांना बोलावलं. कोंबडी खाल्लीत, एकमेकांना मिठ्या मारल्यात, फोटो काढलेत. मला कुणी बोलावलं? गलगालोला कुणी बोलावलं? भांडण आमचं, आणि मिटवायला पोरं?"

"भांडण तुमचं, आणि मेला माझा नवरा."

हे तोंडातून गेलं आणि तिला वाटलं, आता कोयता येईल. आला नाही. बुया उठून उभा राहिला. गुडघा धरून, वाकत वाकत.

"गलगालोला म्हणावं, माझ्या बांधावर ये आणि वाट माग. त्याने मागितली तर बघू. तोवर माझ्या केळीला हात लावलास तर या घरात जेवायचं नाही."

ती त्या दिवशी जेवली नाहीच. सासूने पानात मासा वाढून ठेवला होता, तो सकाळी मांजराने नेला.

*

दुसऱ्या दिवशी मैदान सारखं करायचं सोडून हबोना बरीसाबरोबर माळावर गेली. ओर्मांचा तळ पुढे सरकला होता, हबोनाला वाटलं होतं त्यापेक्षा बराच जवळ आला होता. गाई बसल्या होत्या त्या उठायला तयार नव्हत्या. कातडी फासळ्यांना चिकटलेली, डोळ्यांच्या कोपऱ्यांत माशांचे घोस. एक म्हातारी बाई वासराच्या तोंडात ओलं फडकं पिळत होती.

गलगालो चटईवर आडवा होता. त्याने उठून बसायची तसदी घेतली, पण चहा विचारला नाही. हबोनाने बुयाचा निरोप सांगितला. बरीसा मधे मधे शब्द मऊ करत होता.

"माग म्हणतो?" गलगालो म्हणाला. "मी?"

"आबा, एवढंच..." बरीसा सुरू झाला.

"तू गप्प. निळा शर्ट घालून आलास तेव्हाच कळलं मला." मग हबोनाकडे वळून, पण तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत, "माझ्या आज्याच्या आज्याने त्या उतारावर गुरं पाजली. तिथे मी हात पसरू? पाणी देवाचं, वाट जुनी. भाऊ माझाही गेला. माझ्याकडे त्याने येऊन काही मागितलं का? म्हणावं, तू ये आधी."

"आबा, कुणीतरी आधी जायला लागेल," हबोना म्हणाली.

"हो ना. त्याने जावं."

परतताना दोघं माळ उतरत होती. ऊन डोक्यात शिरत होतं. सुजलेला हात तिने उराशी धरला होता.

"तुझा म्हातारा दगड," बरीसा म्हणाला.

"आणि तुझा?"

"माझा पण दगड. पण माझा तहानेला आहे."

"मग त्याने वाकावं ना!"

"तहानेला माणूस वाकत नाही हबोना. चिडतो." तो थांबला. "मी सोडून देतो हे. खरंच. घरी मला पोकोमोंचा जावई म्हणतात. इकडे आलो की तुमच्या बायका घागरी उचलून आत जातात. तीन दिवस हॉटेलात राहिलो तेवढंच सुख."

तिला वाटलं, त्याला चार शिव्या द्याव्यात. मग वाटलं, आपणही सोडावं. मैदान, शर्ट, मल्का, सगळंच. पण सोडून करायचं काय? गुरं तर तरीही येणारच होती.

*

शनिवारी मैदानात ढोल वाजत होते. राजधानीतले पाहुणे मांडवात बसले होते, मॅडम घामाघूम होऊन इकडून तिकडे धावत होत्या. अबियो गोलात उभा राहून बायकांना हातवारे करत होता. दोन्ही गावांतली माणसं कधी नव्हे ती एका ठिकाणी होती, आणि म्हणूनच शेतांवर कुणी नव्हतं.

वाऱ्याने दगा दिला. एरवी तो माळावरून नदीकडे वाहतो. त्या दिवशी उलटा फिरला आणि पाण्याचा वास गुरांच्या नाकात गेला. तहानेल्या गुरांना मग कोण आवरणार? राखणीवरची दोन माणसं काठ्या घेऊन आडवी आली होती, ती बाजूला फेकली गेली. एक बाई धावत मैदानात आली ती ओरडतच. "गुरं सुटली! मल्क्यात गुरं!"

चेंडू कुठे गेला कुणी बघितलं नाही. पुरुष घरांकडे धावले, आणि घरांत हत्यारं होती. हबोना घराकडे गेली नाही. शेतातून, बांधांवरून, चपला टाकून ती बागेकडे सुटली. तिच्या पुढे बरीसा धावत होता, निळा शर्ट पाठीला चिकटलेला.

ती पोचली तेव्हा बाभूळ काढलेल्या वाटेत गुरं खच्चून भरली होती, शिंगाला शिंग. मंडळींनी वाट मोकळी केली होती, पण ती नेऊन सोडली होती केळीच्या भिंतीवर. मागची गुरं पुढच्यांना रेटत होती. कडेची फुटून मुगात गेली होती. शेंगा धरलेला मूग खुरांखाली चिरडत होता. एक वासरू खाली पडलं होतं, ते आता उठणार नव्हतं. आणि केळीच्या समोर, गुरांच्या तोंडाशी, बुया उभा होता. एकटा. हातात कोयता.

"बाबा, बाजूला व्हा!"

"होत नाही!"

"तुडवतील!"

"तुडवू देत!"

मागून गावचे लोक येत होते, त्यांच्या हातात जे होतं ते होतं. माळाच्या बाजूने ओर्मांची माणसं. अजून कुणी कुणाला शिवलं नव्हतं. बरीसा गुरांच्या नाकाडांवर हात आपटत, शीळ घालत पुढची रांग थोपवू बघत होता. एका बैलाने मान झटकली तसा तो बुयाच्या पायाशी येऊन पडला. बुयाने त्याच्याकडे पाहिलं. कोयता वर होता. हबोनाने पुढचं काही बघितलं नाही. तिने सासऱ्याच्या हातावर झडप घातली, कोयता हिसकला आणि वळून पहिल्या केळीच्या खोडात घातला.

केळीचं खोड ते. एका घावात आडवं होतं, आवाजही ओला येतो. दुसरं पाडलं. तिसरं. बुयाने मागून तिची वेणी धरली आणि तिला मागे ओढलं, सगळ्या गावासमोर, जसं कुणी शेळीला ओढतं. ती गुडघ्यांवर पडली. कोयता तिने सोडला नाही.

"मारा," ती म्हणाली. "मारून टाका. पण सगळ्यांच्या आधी मला मारा. पुन्हा एकदा डबा उचलून आणायला मी राहणार नाही."

बुयाच्या हातात तिची वेणी तशीच होती. तेवढ्यात गुरांच्या कडेकडेने, एका गाईच्या वशिंडाचा आधार घेत, गलगालो आला. धाप लागलेला, टोपी कुठेतरी पडलेली. तो बांधाशी थांबला. दोघं म्हातारे पाच वर्षांनी समोरासमोर आले होते.

"बोल," बुया म्हणाला.

गलगालोने पडलेल्या वासराकडे पाहिलं. मग आपल्या माणसांकडे पाहिलं, ज्यांच्या देखत हे बोलायचं होतं. त्याने चपला काढल्या आणि बांध ओलांडून आत आला.

"बुया. वाट दे."

"ऐकू नाही आलं."

हबोनाला वाटलं, आता संपलं. हा म्हातारा मरेपर्यंत म्हाताराच राहणार. गलगालोची हनुवटी हलली. मागे गाई हंबरत होत्या, सगळ्या एकदम.

"वाट दे रे!" तो ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला. "माझ्या भावाची शपथ. तुझ्या पोराची शपथ. गुरं मरतायत. वाट दे!"

बुयाने वेणी सोडली. हबोनाच्या हातून कोयता घेतला.  तो वळला आणि केळीत शिरला. त्याने कापायला सुरुवात केली ती सरळ नाही. डावीकडून वळसा घेत, मग पुन्हा नदीकडे. बरीसा लंगडत उठला आणि पाडलेली खोडं ओढू लागला. मग हबोना. मग अबियो, गोलकीपरचे मोठे हातमोजे घातलेला. मग गावातला एकजण, हातातलं हत्यार घेऊनच, आणि माळावरचे दोघे. बागेच्या मधे एक केळ राहिली, दाधो पडला तिथे लावलेली, घडासकट. तिच्या दोन्ही बाजूंनी वाट फुटली आणि पुढे एक झाली.

गुरं गेली. दाटीवाटीने, एकमेकांना घासत, आणि त्या केळीच्या पानांना मधेच जीभ लावत. बुया केळीला पाठ टेकून उभा होता. शेवटची गाय पाण्यात उतरेपर्यंत तो तिथून हलला नाही. गलगालो समोरच्या कडेला काठी आडवी धरून होता. 

*

कुणाला वाटेल, इथे गोष्ट संपली. मॅडमनाही तसंच वाटलं. त्या रविवारी कॅमेरावाल्याला घेऊन आल्या, डोळे पाणावलेले. पाहुणे खूश होते. फक्त एवढंच, की गुरं परत एकदा त्या वाटेने आणता येतील का? आणि दोन्ही आजोबांनी हात हातात धरून?

"गुरं प्यायली," हबोना म्हणाली. "परवा येतील. तुम्ही पण परवा या. येताना काटेरी तार आणा. दोन्ही बाजूंना कुंपण घातलं नाही तर परवा पुन्हा मूग जाईल."

"तारेचं..."

"तरतूद नाही. माहीत आहे."

मॅडमनी मान खाली घातली. मग सांगितलं की मार्चनंतर त्यांची बदली आहे आणि हा टप्पा इथेच पुरा झाला. पुढच्या टप्प्यात बहुधा दुसरा जिल्हा. त्यांनी जाताना स्वतःच्या पिशवीतले हातमोजे हबोनाच्या हातात ठेवले. एकच जोड होता.

तारेऐवजी हबोनाच्या मंडळींनी बाभळीच्या कापलेल्या काट्या रचल्या आणि काट्यांच्या आत शेराच्या फांद्या खोचल्या, कारण शेर मुळं धरतो. काम किचकट आणि चिकाचं. शेराचा चीक डोळ्यांत गेला की दिवस वाया. संस्थेकडून मिळणारा भत्ता बंद झाल्यावर मंडळीतले निम्मे गळाले. अबियो सरळ म्हणाला, "शांतता झाली ना? मग मी मासे धरतो."  त्याच्या घरी खाणारी तोंडं होती. बरीसा येत राहिला, पण रोज नाही, आणि आला की आधी तासभर आपल्या लोकांच्या नावाने बोटं मोडायचा. हबोना तेवढा वेळ काट्या रचायची.

घरी बुया तिच्याशी बोलत नव्हता. काही हवं असलं की झेनाला सांगायचा, "तुझ्या आईला म्हण, मीठ दे." मुगाचा एक तुकडा पार गेला होता. उरलेल्यात शेंगा फोडताना झमुदा दर मुठीला उसासा टाकायची, आणि तो प्रत्येक उसासा हबोनाच्या पाठीत लागायचा. गावातल्या बायका नदीवर तिच्या देखत म्हणायच्या, नवरा पडला त्या जागेवरून गुरं नेली हिने. ती घागर भरून घ्यायची आणि वर चढायची. उत्तरं तिच्याकडे होती, पण ती द्यायला लागणारी ताकद कुंपणात जात होती.

एके दिवशी सकाळी ती वाटेवर गेली तर कुंपणाला भगदाड. रात्री कुणाचा तरी बैल घुसला होता. मुगाची एक ओळ फस्त, आणि मधली ती राहिलेली केळ एका बाजूने सोललेली, घड जमिनीला टेकलेला. हबोना मटकन खाली बसली. रडायलासुद्धा येईना, इतका कंटाळा आला. किती वेळा? किती वेळा तेच रचायचं, किती जणांच्या पाया पडायचं?

बुया मागून आला तेव्हा तिने वर बघितलं नाही. तो केळीपाशी गेला, सोललेल्या खोडावर हात फिरवला. मग खूर बघितले, वाकून, नीट.

"गलगालोचा तांबडा," तो म्हणाला. किती दिवसांनी तो झेनाला मधे न घालता बोलला होता. "मागचा खूर फाटका आहे."

"बाबा, मी बरीसाला सांगते. तो..."

"बरीसा कोण? बैल कुणाचा?" तो सरळ झाला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "चप्पल काढून आला होता ना त्या दिवशी? वाट माग म्हटलं, मागितली. मी दिली. आता बैल का नाही बांधता येत त्याला? येड्या म्हाताऱ्याला एवढं कळत नाही? जातो. आत्ताच जातो. तोंडावर सांगतो."

तो तरातरा निघाला, माळाच्या दिशेने. हबोना घाबरून उठली आणि मग तिच्या ध्यानात आलं की त्याचे दोन्ही हात मोकळे आहेत. कोयता तिच्या पायाशी पडला होता.

मागोमाग जावं असं तिला वाटलं. दोन पावलं गेलीही. मग ती परत फिरली, मॅडमचा एक हातमोजा उजव्या हातात चढवला आणि भगदाडातल्या काट्या उचलायला लागली. जरा वेळाने पलीकडून, आता वाटेजवळ सरकलेल्या ओर्मांच्या तळावरून, आवाज यायला लागले. आधी बुयाचा, मग त्याच्यावर चढून गलगालोचा, मग दोघांचे एकदम, शिव्यांसकट, बैलासकट, पाच वर्षांपूर्वीच्या सगळ्यासकट. कुत्री भुंकत होती. बरीसा मधे पडायला बघत होता आणि दोघंही त्यालाच झापत होते.

हबोना ऐकत होती. काटा हातमोज्यातून आरपार गेला, तिने तो दाताने उपटून थुंकला आणि पुढची फांदी ओढली. आवाज थांबत तेव्हा तिचा हातही थांबे. ते पुन्हा सुरू झाले की ती कामाला लागे.